बैल आणि लय

‘दरबारी गवयाच्या मुलाला बैल मारण्यात कसले आले गाणे?’ असे आमची वडीलधारी मंडळी विचारतात. त्यांचा राग रास्त आहे. स्पेनमधील सेव्हिलच्या रिंगणात एका दुपारी सहा बैल उतरतात आणि बहुधा सहाही मरतात. ते मी नाकारीत नाही.

पण बैल तांबड्या रंगाने चेतत नाही; तो हलत्या कापडावर धावतो. ती धाव कापडात धरून जो विलंबितात आणतो, तोच खरा कसबी. सेव्हिलचा हुआन बेल्मोन्ते (१८९२–१९६२) त्यासाठीच गाजला. या कसबाला तिकडे ‘तेम्प्लार’ म्हणतात. वाद्य सुरात लावण्यालाही तोच शब्द! खेळात रंग भरला की तेथे बँड वाजू लागतो.

लय सुटली की गाणे मेले, असे वडील सांगत. येथे लय सुटली तर माणसाच्या जिवावर बेतते. म्हणून मी पाहतो. शेवटच्या तलवारीला मात्र माझी मान खाली जाते. तेव्हा आपला आक्षेप मलाही पटतो.