जनावर विकलं की एक डॉलर कापला! अमेरिकेतले गुरं पाळणारे आपल्या धंद्याची बाजू कशी मांडतात?

विशेष लेख

दुधाचा दर पडला की आपल्याकडं काय होतं, हे सांगायला नको. आंदोलन होतं, दूध रस्त्यावर ओतलं जातं, दोन दिवस टीव्हीवर दिसतं. मग पुन्हा सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन आपण डेअरीच्या रांगेत उभे. दूध कसं तयार होतं, पेंडीला काय पडतं, भाकड काळात जनावर कसं सांभाळावं लागतं, हे शहरातल्या गिऱ्हाईकाला आपण होऊन कधी कोण सांगतं का? फारसं नाहीच.

अमेरिकेत गुरं पाळणाऱ्यांनी मात्र हे काम ठरवून केलं आहे, आणि तेही स्वतःच्या खिशातून पैसे काढून. त्यात त्यांना फायदा झाला, तसंच आपसात भांडणं लागली, कोर्टकचेऱ्याही झाल्या. शेळी, कोंबडी, म्हैस, गाय असं काहीही पाळणाऱ्यानं समजून घ्यावं असं हे प्रकरण आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. तिथला हा धंदा बीफचा, म्हणजे गाय-बैलाच्या मांसाचा आहे. आपल्या राज्यात गोहत्येला १९७६ च्या कायद्यानं बंदी आहे आणि २०१५ पासून बैल-वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे. तेव्हा कोणी काय खावं हा या लेखाचा विषय नाही. जनावर पाळणारा माणूस आपल्या धंद्याची बाजू कशी मांडतो, एवढाच विषय आहे.

रँच म्हणजे काय?

रँच म्हणजे गुरं चारण्याचं मोठं रान. सिनेमात घोड्यावरचा टोपीवाला दिसतो, त्यामुळं आपल्याला वाटतं की तिथं प्रत्येकाकडं हजारो गुरं असणार. तसं नाही. मोठे कळप आहेत, पण २०२२ च्या त्यांच्या शेतीगणनेत मांसासाठीच्या गायींचा सरासरी कळप ५० च्या आतच भरला. बरेच जण जोडीला नोकरी करून गुरं सांभाळतात.

त्यांचं वर्ष असं जातं. मोंटाना, नेब्रास्का अशा थंडीच्या राज्यांत बऱ्याच ठिकाणी फेब्रुवारी ते एप्रिल गायी वितात. बाहेर बर्फ असतो, रात्री-अपरात्री उठून गोठ्यात चक्कर मारावी लागते. अडलेल्या गाईचं वासरू ओढून काढणं तिथंही चुकत नाही. वसंतात वासरांना खूण करायची, लस द्यायची, गोऱ्हे खच्ची करायचे. उन्हाळ्यात कळप रानात सोडायचा आणि त्याच काळात हिवाळ्यासाठी गवत कापून वाळवून गठ्ठे बांधायचे.

पश्चिमेकडच्या राज्यांत बरीचशी चराई सरकारी जमिनीवर चालते. आपल्या गायरानासारखंच समजा, फक्त तिथं परवाना आणि फी लागते. २०२५ साली ही फी गाय आणि तिच्या वासराच्या जोडीला महिन्याला १.३५ डॉलर होती. फी कमी वाटते, पण तिकडं पाऊस इतका कमी की एका गाईला वर्षभर पोसायला कित्येक एकर रान लागतं.

ऑक्टोबरच्या सुमाराला वासरं आईपासून तोडतात आणि बाजारात लिलावाला नेतात. तेव्हा वासराचं वजन साधारण २५० किलो असतं. रँचवाल्याचा मोठा पैसा वर्षातून त्या एकदाच येतो. त्या दिवशी बाजार पडलेला असला तर वर्ष गेलं. पुढं ही वासरं फीडलॉटवर जातात. फीडलॉट म्हणजे हजारो जनावरं एका आवारात ठेवून मका आणि खुराक घालायची जागा. तिथं सहाशे किलोच्या आसपास वजन झालं की ती मांस कंपनीला विकली जातात.

म्हणजे वासरू जन्माला घालणारा एक, वाढवणारा दुसरा, कापून पॅक करणारा तिसरा आणि विकणारा चौथा. ताटात काय पडलं आणि ते कुठून आलं, याचा गिऱ्हाईकाला पत्ता नसतो. आपल्या दुधाचं वेगळं काय आहे?

एक डॉलरची कपात

१९८० च्या आसपास तिथं बीफचा खप घसरायला लागला. चरबी, हृदयरोग यांची चर्चा वाढली आणि लोक कोंबडीकडं वळले. तेव्हा १९८५ च्या शेती कायद्यात एक तरतूद झाली. गाय, बैल, वासरू, कुठलंही जनावर विकलं की दर नगामागं एक डॉलर कापायचा. एकच जनावर तीन हातांतून गेलं तर तीनदा एक-एक डॉलर. बाहेरच्या देशातून येणाऱ्या गुरांवर आणि मांसावरही तेवढाच भार. १९८८ साली गुरं पाळणाऱ्यांचं मतदान घेतलं, त्यात जवळपास ७९ टक्के लोकांनी ही कपात चालू ठेवायला होकार दिला.

या पद्धतीला तिकडं चेकऑफ म्हणतात. आपल्या ऊसबिलातून निरनिराळ्या नावांनी पैसे कापतात, तसाच प्रकार. फरक एवढा की हा पैसा कशावर खर्च करायचा आणि कशावर नाही, हे कायद्यात लिहिलेलं आहे. साधारण निम्मा पैसा राज्याच्या मंडळाकडं राहतो आणि निम्मा देशपातळीवर जातो. जाहिरात, संशोधन आणि माहिती देणं यासाठी तो वापरता येतो. कायदे बदलून घ्यायला, पुढाऱ्यांवर वजन टाकायला वापरता येत नाही.

या पैशातून काय झालं? १९९२ साली देशभर जाहिरात सुरू झाली, रात्रीच्या जेवणाला बीफच, अशा अर्थाची. आवाज रॉबर्ट मिचम या नामवंत नटाचा. ही ओळ तिथं आजही वापरात आहे. पण जाहिरातीपेक्षा दोन कामं मला जास्त मोलाची वाटतात.

पहिलं संशोधनाचं. खांद्याचा जो भाग स्वस्तात खिम्यात जायचा, त्यातला एक मऊ तुकडा वेगळा काढता येतो, हे विद्यापीठांच्या अभ्यासातून पुढं आलं. तो वेगळ्या नावानं चढ्या भावात विकला जाऊ लागला. म्हणजे जनावर तेच, पण त्याची किंमत वाढली.

दुसरं काम पाळणाऱ्याला शिकवण्याचं. इंजेक्शन मागच्या पुठ्ठ्यावर न देता मानेवर द्या, औषध दिल्यावर किती दिवस जनावर विकायचं नाही ते पाळा, जनावराला आरडाओरडा न करता हाका, अशा साध्या गोष्टी. आपला माल चांगला आहे असं सांगायचं, तर आधी तो चांगला करावा लागतो.

ओप्राचा खटला आणि मोबाईलवरची शिकवणी

१९९६ साली ओप्रा विन्फ्री यांच्या प्रसिद्ध टीव्ही कार्यक्रमात मॅड काऊ या गुरांच्या रोगावर चर्चा झाली. आता आपल्याला बर्गर खावासा वाटत नाही, अशा अर्थाचं त्या बोलून गेल्या. त्या सुमाराला गुरांचे भाव पडले. टेक्सासमधल्या गुरंवाल्यांनी त्यांच्यावर नुकसानभरपाईचा दावा लावला. शेतमालाची खोटी बदनामी केल्यास दावा करता येतो, असा कायदा त्या राज्यात होता. खटला अमरिलो या गुरांच्या बाजाराच्या गावातच चालला. तरीही १९९८ च्या फेब्रुवारीत तिथल्या ज्युरीनं निकाल ओप्रांच्या बाजूनं दिला.

पुढं २००३ च्या डिसेंबरात वॉशिंग्टन राज्यात एका गाईत खरंच हा रोग सापडला. ती गाय कॅनडातून आलेली होती. पण जपान, दक्षिण कोरिया अशा मोठ्या गिऱ्हाईक देशांनी लगेच माल घेणं थांबवलं. एका गाईमुळं सगळ्या देशातल्या पाळणाऱ्यांना झळ बसली.

खटला भरून लोकांचा विश्वास मिळत नाही, तो बोलून मिळवावा लागतो. २००९ च्या सुमाराला त्यांच्या मोठ्या संघटनेनं पाळणाऱ्यांसाठी फुकट ऑनलाईन शिकवणी सुरू केली. जनावरांची निगा, पर्यावरण, आहार यांवर लोक काय विचारतात आणि त्याला उत्तर कसं द्यायचं, हे त्यात शिकवतात. आज तिथले अनेक रँचवाले, त्यात बायाही पुष्कळ, वासरू जन्मताना, बर्फात गवत टाकताना मोबाईलवर व्हिडिओ करतात आणि शहरातल्या माणसाला आपला दिवस दाखवतात.

अवघड प्रश्नही येतात. रवंथ करणाऱ्या जनावराच्या ढेकरातून मिथेन वायू निघतो आणि तो हवा तापवतो, हे शास्त्रानं सिद्ध आहे. त्यावर रँचवाले सांगतात की ज्या माळरानावर नांगर चालत नाही, तिथलं गवत माणसाला खाता येत नाही, गाय त्याचं अन्न करते. हेही खरं आहे. पण फीडलॉटवर पिकाऊ जमिनीतला मका जातो, हेही तितकंच खरं. जो दोन्ही बाजू कबूल करून बोलतो, त्याचंच लोक ऐकून घेतात.

पैसा आपला, आवाज कोणाचा?

आता खरी गोम. या कपातीवर सगळे खूश नाहीत. अमेरिकेत खुराकावर वाढवलेल्या गुरांपैकी साधारण ८५ टक्के जनावरं टायसन, जेबीएस, कारगिल आणि नॅशनल बीफ या चारच कंपन्या घेतात. २०२० मध्ये कोरोनामुळं कत्तलखाने बंद पडले, तेव्हा गुरांचा भाव पडला आणि दुकानात मांस मात्र महागलं. मधला पैसा कुठं गेला, असं पाळणाऱ्यांनी विचारलं. टोमॅटो-कांदा पिकवणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

चेकऑफच्या पैशातलं सगळ्यात मोठं काम ज्या राष्ट्रीय संघटनेला मिळतं, ती या कंपन्यांच्या कलानं चालते, असा लहान पाळणाऱ्यांच्या एका गटाचा आरोप आहे. मांसावर ते कुठल्या देशातलं हे छापण्याची सक्ती असावी, अशी या गटाची मागणी होती. राष्ट्रीय संघटनेनं सक्तीला विरोध केला. कॅनडा आणि मेक्सिको जागतिक व्यापार संघटनेत जिंकले आणि २०१५ च्या शेवटी बीफवरची ही सक्ती अमेरिकेनं काढून टाकली.

ज्या जाहिराती आम्हाला पटत नाहीत, त्यासाठी आमचे पैसे सक्तीनं का कापता, हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. २००५ मध्ये कोर्टानं कपात कायम ठेवली. या जाहिराती सरकारचं म्हणणं धरल्या जातात, म्हणून सक्ती चालते, असं बहुमतानं ठरलं. म्हणजे पैसा पाळणाऱ्याचा आणि बोलणं सरकारचं!

आपल्यासाठी काय?

असं काम आपल्याकडं झालंच नाही, असं नाही. १९८२ मध्ये व्यंकटेश्वरा हॅचरीजचे डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकारानं राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. कार्यालय पुण्यात. त्याआधी व्यापारी म्हणेल तो अंड्याचा भाव असायचा. पोल्ट्रीवाले एकत्र आले, शहरवार दर जाहीर करू लागले आणि रोज अंडी खा असं सांगणारी टीव्हीवरची जाहिरात घराघरात पोचली. आजही पोल्ट्रीवाला सकाळी पहिल्यांदा समितीचा दर बघतो.

दूध आणि शेळीत असं काही उभं करायचं झालं, तर अमेरिकेच्या अनुभवातून तीन गोष्टी आधीच ठरवाव्या लागतील. कपात किती आणि कशासाठी, हे पावतीवर लिहिलेलं हवं. खर्च ठरवणाऱ्या मंडळात जनावर पाळणारे जास्त हवेत, माल विकत घेणारे नकोत. आणि दर काही वर्षांनी ही कपात चालू ठेवायची का, असं पाळणाऱ्यांना मतदानानं विचारायला हवं. तिथं १९८८ नंतर असं देशभराचं मतदान पुन्हा झालेलं नाही, आणि नाराजीचं ते एक मोठं कारण आहे.

बाकी एक काम कुणाच्या परवानगीशिवाय आजच करता येतं. मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आहे. पहाटेची धार, चाऱ्याचं बिल, डॉक्टरची फेरी, डेअरीची पावती हे शहरातल्या आपल्याच पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकायला लागा. लिटरमागं आपल्या हातात किती पडतात आणि ते पिशवी कितीला घेतात, हे त्यांनाही कळू द्या.