शून्य-दोन-शून्य

पुण्याचा एसटीडी कोड ०२०. पण ज्यांनी पीसीओच्या मीटरवर डोळे ठेवून घरी खुशाली कळवली, त्यांच्या तोंडी अजून ०२१२ येतं. शेवटचे दोन आकडे जाऊन शून्य आलं, ही शहराची बढतीच होती. आखूड कोड मोठ्यांचा : दिल्ली ०११, मुंबई ०२२. नाशिक ०२५३, कोल्हापूर ०२३१. सातारा थेट पाच आकडी, ०२१६२. सातारकरांनी मनाला लावून घेऊ नये. यात मानापेक्षा हिशेब जास्त. सुरुवातीचं शून्य सोडलं, तर कोड आणि क्रमांक मिळून दहा आकडे भरायचे असतात. कोड आखूड, तर गावात फोन जास्त मावतात. पुण्याचे क्रमांक आठ आकडी झाले तेव्हा सरकारी फोनांच्या पुढे २ लागला आणि दुकानदारांनी पाट्यांवर तेवढाच एक आकडा रंगवून घेतला.

ऑपरेटरकडे ट्रंक कॉल नोंदवून ताटकळायचं, ही रीत मोडायला सुरुवात झाली १९६० मध्ये, लखनौ-कानपूर मार्गावर. पहिलं शून्य फिरवलं की एक्स्चेंजला कळायचं, फोन गावाबाहेरचा आहे. पुढचा आकडा प्रदेशाचा, आणि खरी गंमत तिथेच. पुणे, नाशिक, नांदेड ०२ मध्ये, पण सुरतही (०२६१) त्यांच्याच पंगतीला. नागपूर ०७१२, म्हणजे सोबत भोपाळ ०७५५ आणि रायपूर ०७७१. बेळगाव ०८३१, तर गोवा ०८३२. भाषावार प्रांतरचनेचा एवढा गाजावाजा झाला, पण टेलिफोन खात्याने आपला नकाशा वेगळाच आखला.

जिल्ह्याच्या आतला नकाशा मात्र साधारण तालुक्यांचा. पिंपरी-चिंचवड ०२० मध्ये, पण चाकण खेड तालुक्यात, म्हणून ०२१३५. लोणावळा ०२११४, बारामती ०२११२. पुण्याच्या उंबरठ्यावर आलेल्या चाकणच्या कारखान्यांच्या लेटरहेडवर असा तालुक्याचा कोड छापलेला असायचा. बाहेरगावचा दर अंतराप्रमाणे चढायचा आणि रात्री उतरायचा. म्हणून तर बूथवरची खरी गर्दी जेवणं आटोपल्यावर व्हायची.

मोबाइलला गावाचा कोड नाही. शून्य मात्र टिकलं : १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी तेच दाबावं लागतं, समोरचा शेजारच्या खोलीत असला तरी.