प्रश्नाची परतीची वाट

१९५१ सालच्या जून महिन्यात ऑस्ट्रेलियाच्या मधोमध, ॲलिस स्प्रिंग्ज या गावात एक शाळा सुरू झाली. तिला वर्ग नव्हते, घंटा नव्हती. मुलं शेकडो किलोमीटरवर विखुरलेल्या गुरांच्या वाड्यांवर आपापल्या घरी, आणि बाई रेडिओच्या माइकसमोर. आडरानातल्या कुटुंबांना अडीअडचणीला डॉक्टर बोलावता यावा म्हणून तिथल्या ‘फ्लाइंग डॉक्टर’ सेवेनं घरोघरी रेडिओ संच पोचवले होते. आल्फ्रेड ट्रेगर या तंत्रज्ञानं ते पायानं पेडल मारून चालतील असे घडवले होते. याच संचांवर शाळा भरवावी ही कल्पना ॲडलेड मीथके या शाळा-निरीक्षक राहिलेल्या बाईंची. ‘स्कूल ऑफ द एअर’ हे त्या शाळेचं नाव. सुरुवातीला बाई बोलत आणि मुलं नुसती ऐकत. पण थोड्याच काळात प्रत्येक पाठाच्या शेवटी प्रश्नोत्तरांसाठी वेळ राखून ठेवावा लागला.

ऑनलाइन प्रशिक्षणाच्या सॉफ्टवेअरची गोष्ट मी इथूनच सुरू करतो, कारण त्याचा सगळा पेच या शेवटच्या वाक्यात आहे. शिकवणाऱ्याचा आवाज लांब पोचवणं यंत्राला फारसं अवघड नसतं. ‘बाई, हे नाही कळलं’ हे पलीकडचं वाक्य परत आणणं अवघड. गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत आलेलं प्रत्येक साधन मी या एकाच कसोटीवर घासून पाहतो, आणि बरीच साधनं तिथं उघडी पडतात.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर नासाच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचवली गेली. ‘साइट’ या नावानं तो प्रयोग ओळखला जातो. (महाराष्ट्र त्या सहांत नव्हता.) कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीपासून केलेल्या मोठ्या अँटेना, सकाळी शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी शेती आणि आरोग्य. त्या काळात हे करून दाखवणं म्हणजे मोठीच मजल होती. पण वाट एकेरी. खेड्यानं बघायचं आणि ऐकायचं.

पुढे २० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘एज्युसॅट’ गेला, खास शिक्षणासाठी सोडलेला उपग्रह. त्याच्या प्राथमिक टप्प्यासाठी निवडलेल्या तीन विद्यापीठांत नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ होतं. या जाळ्यात दोन जातींची केंद्रं असत: काहींना उलट बोलता येई, काहींना नुसतं ऐकता येई. दुसऱ्या जातीचं केंद्र स्वस्त. खर्चाचा हिशेब मांडला की पहिली कात्री कशाला लागते, ते यावरून कळावं.

ज्यांना बोलता येई त्यांचीही एक अडचण होती. हा उपग्रह जमिनीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर वर. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो, उत्तराला परत पाव. संभाषण सहज वाटायचं तर एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असं दूरसंचाराचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. त्यापलीकडे गेलं की दोघं एकदम बोलतात, मग दोघं एकदम थांबतात, मग ‘बोला, बोला’, ‘नाही, तुम्ही बोला’ सुरू होतं. दोन-तीनदा असं झालं की लाजरं पोर प्रश्न गिळून टाकतं.

आता पुन्हा ऑस्ट्रेलिया. त्याच देशाच्या पश्चिमेकडच्या वाळवंटी मुलुखात मार्टिन डुगियामास नावाचा मुलगा शॉर्टवेव्ह रेडिओवर शाळा शिकला. अभ्यासाचं साहित्य विमानानं यायचं. मोठेपणी तो पर्थच्या कर्टिन विद्यापीठात ‘वेबसीटी’ या विकतच्या शिक्षणप्रणालीची देखभाल करत होता. ती त्याला रुचेना, म्हणून त्यानं स्वतःची लिहायला घेतली. २० ऑगस्ट २००२ रोजी तिची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. हेच ‘मूडल’. कुणीही फुकट उतरवून घ्यावं, स्वतःच्या सर्व्हरवर चढवावं, हवं तसं बदलावं, अशा परवान्याखाली ते दिलेलं आहे. आज आपल्याकडच्या कितीतरी अभियांत्रिकी महाविद्यालयांत ‘असाइनमेंट मूडलवर टाका’ हे वाक्य रोज ऐकू येतं.

मूडलची रचना पाहिली की रेडिओवर शिकलेला मुलगा आतून दिसतो. इतर प्रणाल्या ‘धडा ठेवा, परीक्षा घ्या’ या विचारानं बांधलेल्या. डुगियामासचा भर चर्चेवर, म्हणजे विद्यार्थ्यांनी एकमेकांना सांगण्या-विचारण्यावर. तिथल्या चर्चामंचावर काही लिहिलं की ते इतरांना लगेच ईमेलनं जात नाही. मुळात ठरवलेली सवड अर्ध्या तासाची. तेवढ्यात लिहिणाऱ्यानं आपलं वाक्य सुधारावं, वाटलं तर पुसावं. चारचौघांत चुकीचा प्रश्न विचारायची धास्ती ज्याला ठाऊक आहे, त्यालाच ही सोय सुचणार.

पण मूडलमधली माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट कोपऱ्यात पडलेली असते आणि बहुतेक शिक्षक ती उघडतही नाहीत. चाचणी झाल्यावर तिथं ‘स्टॅटिस्टिक्स’ नावाचा अहवाल मिळतो. प्रत्येक प्रश्नापुढच्या आकड्यांतले दोन पाहावेत. पहिला सांगतो की प्रश्न मुलांना किती सोपा गेला. दुसरा जास्त बोलका: एकूण चाचणीत वर असलेल्या मुलांनी हा प्रश्न बरोबर सोडवला आणि खालच्यांनी चुकवला, असं घडलं का? घडलं असेल तर आकडा चांगला येतो. कधीकधी तो उणे येतो, म्हणजे हुशार मुलं चुकली आणि बाकीच्यांनी बरोबर ठोकलं. असा आकडा दिसला की मुलांना रागवण्याआधी प्रश्न पुन्हा वाचावा. पर्यायांत दोन उत्तरं बरोबर असतात, नाहीतर उत्तरसूचीत ‘ब’ऐवजी ‘क’ पडलेला असतो, नाहीतर शिकवतानाच काहीतरी उलटं सांगितलं गेलेलं असतं. चाळीस मुलांनी न बोलता सांगितलेली ही तक्रार आहे, फक्त ती वाचायला कुणीतरी बसायला हवं.

या क्षेत्रात भांडणंही झाली. अमेरिकेतल्या ‘ब्लॅकबोर्ड’ कंपनीनं आधी वेबसीटी विकत घेतली, आणि २००६ साली शिक्षणप्रणालीच्या काही मूलभूत कल्पनांवर पेटंट मिळवून कॅनडाच्या ‘डिझायर टू लर्न’वर दावा ठोकला. मूडलवालेही धास्तावले. अखेर २००९ साली अपील न्यायालयात ब्लॅकबोर्डचे दावे टिकले नाहीत. टिकले असते तर फुकटच्या मूडलचं काय झालं असतं, याचा अंदाज न केलेला बरा.

कचेऱ्यांतल्या प्रशिक्षणाची तऱ्हा निराळी. तिथं ‘स्कॉर्म’चं राज्य आहे. मूळ अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं. प्रत्येक विक्रेत्याचा अभ्यासक्रम त्याच्याच यंत्रणेत चालायचा, म्हणून खात्यानं १९९७ साली एक उपक्रम सुरू केला आणि त्यातून ही नियमावली आली. अभ्यासक्रम एका झिप फाइलमध्ये बांधायचा, आत काय कुठे आहे याची यादी ठेवायची, म्हणजे तो कुठल्याही प्रणालीत चालतो. कल्पना उत्तमच. पण २००१ सालची १.२ ही आवृत्ती अजूनही सर्रास वापरात आहे, आणि शिकणारा कुठं थांबला, काय केलं, याची आठवण ठेवायला तिच्यात जागा आहे ४०९६ अक्षरांची. मुख्य निरोप म्हणून प्रणालीकडे परत जातं ते ‘पूर्ण’, ‘अपूर्ण’, ‘उत्तीर्ण’, ‘अनुत्तीर्ण’ असं काहीतरी, आणि सोबत गुण. शिकणाऱ्याला काय कळलं नाही, हे त्या निरोपात उमटत नाही.

म्हणून मग मार्चअखेर आली की पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. एचआरचा मेल येतो, माहिती-सुरक्षेचं प्रशिक्षण आजच्या आज संपवा. कर्मचारी आवाज बंद करून व्हिडिओ लावतो, डबा खातो, मधूनमधून ‘नेक्स्ट’ दाबतो. शेवटच्या दहा प्रश्नांची उत्तरं शेजारचा सांगतो. प्रणालीत ‘पूर्ण’ अशी नोंद होते, आणि आपलं प्रशिक्षण शंभर टक्के झालं असं कंपनी लेखापरीक्षकाला दाखवते. यात खोटं कुणीच बोललेलं नसतं! २०१३ साली आलेल्या ‘एक्स-एपीआय’ या पद्धतीत ‘अमक्यानं तमकं केलं’ अशा छोट्या वाक्यांत बारीक नोंदी ठेवता येतात. पण नोंदी वाढल्या म्हणून त्या वाचणारे वाढतात असं नाही.

आणि मग २०२० साल, कोविडच्या महासाथीचं. डिसेंबर २०१९ मध्ये ‘झूम’वर दिवसाला जास्तीत जास्त एक कोटी सहभागी असत; एप्रिल २०२० मध्ये ते तीस कोटींवर गेले. एका वर्गात चाळीस जण दिसतात यामागचं तंत्र समजून घेण्यासारखं आहे. प्रत्येकानं आपलं चित्र इतर प्रत्येकाला थेट पाठवायचं म्हटलं तर एका मुलाच्या फोनला ३९ प्रती पाठवाव्या लागतील, आणि साऱ्या वर्गात मिळून १५६० प्रवाह वाहतील. ते कुणाच्याच डेटा-पॅकला झेपणारं नाही. म्हणून मध्ये एक सर्व्हर बसवतात. प्रत्येक जण आपली एकच प्रत त्याला देतो, आणि कुणाला काय आणि किती बारकाईचं चित्र पाठवायचं हे तो ठरवतो. रेंज कमी असेल त्याला चित्र धूसर जातं, फारच कमी असेल तर नुसता आवाज. आवाजाचे तर साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे करून पाठवतात. एखादा वाटेत हरवला तर बहुतेक वेळा तो पुन्हा मागवत बसत नाहीत, अंदाजानं भरून पुढे जातात. उशिरा आलेल्या अचूक आवाजापेक्षा वेळेवर आलेला थोडा खरखरीत आवाज संभाषणाला जास्त उपयोगी, हा त्यामागचा शहाणपणा.

झूममध्ये तेव्हा आणखी एक सोय होती. विद्यार्थ्याच्या पडद्यावर झूमची खिडकी तीस सेकंदांहून जास्त वेळ मागे पडली की शिक्षकाला तशी खूण दिसे. टीका झाल्यावर २ एप्रिल २०२० रोजी कंपनीनं ती काढून टाकली. बरं केलं. खिडकी समोर आहे म्हणजे डोकं समोर आहे, हा समज प्रत्यक्षातल्या वर्गातही कधी खरा नव्हता.

मला विचाराल तर शिकवणाऱ्यांनी एकदा तरी वापरून पाहावं असं साधन ‘बिगब्लूबटन’ आहे. २००७ साली ओटावाच्या कार्लटन विद्यापीठात त्याची सुरुवात झाली. हेही मुक्त, मूडलला जोडता येणारं. यात शिक्षकानं स्लाइड आधी चढवल्या की त्या प्रत्येकाकडे पोचतात, आणि पुढे फक्त लेखणी कुठून कुठे फिरली याचे आकडे जातात. स्क्रीन शेअर केली तर तीच स्लाइड व्हिडिओ होऊन सतत वाहत राहते आणि पोरांचा डेटा खाते. गणिताच्या बाईंनी पडद्यावर त्रिकोण काढला तर कमी रेंजवरच्या मुलालाही तो स्वच्छ दिसतो. स्लाइडवर प्रश्न आणि अ-ब-क-ड असे पर्याय लिहिलेले असले की कौल घ्यायचं बटण आपोआप पुढे येतं. बाईंनी ते दाबलं की कुणी काय निवडलं, आणि कुणी अजून काहीच दाबलं नाही, ते नावानिशी दिसतं. ही काहीच न दाबलेली नावंच महत्त्वाची. बाईंनी त्यातल्या एकाला हाक मारून ‘कुठं अडलंय?’ विचारलं की वर्ग खरा सुरू झाला.

प्रश्न परत आणण्याची ही वाट आपल्याकडे महासाथीच्या कितीतरी आधी कुणीतरी नीट करून ठेवली होती, याचा उल्लेख व्हायलाच हवा. पवईच्या आयआयटीतले संगणकशास्त्राचे प्राध्यापक दीपक फाटक यांनी अभियांत्रिकी शिक्षकांसाठी मोठ्या कार्यशाळा घेतल्या. त्यांचं लक्ष्य एकेका वेळी हजारोंनी शिक्षकांपर्यंत पोचण्याचं. व्याख्यान पवईतून थेट, अमृता विद्यापीठानं बनवलेल्या ‘ए-व्ह्यू’ या सॉफ्टवेअरवर. पण शिक्षकांना घरी एकटं बसवलं नाही. त्यांनी जवळच्या महाविद्यालयातल्या केंद्रावर यायचं, एकत्र ऐकायचं, आणि प्रात्यक्षिक तिथल्याच समन्वयकाच्या देखरेखीखाली करायचं. हे समन्वयक आधी पवईला येऊन तयार होऊन गेलेले. एखाद्या केंद्रानं हात वर केला की त्याचं चित्र आणि आवाज देशभरातल्या सगळ्या केंद्रांना जाई. सॉफ्टवेअर साधंच होतं. प्रश्न केंद्रावर सुटला तर तिथं, नाही सुटला तर पवईला, ही दोन पायऱ्यांची वाट मात्र पक्की होती. एमएस-सीआयटीचं केंद्र तालुक्याच्या गावी ज्यांनी पाहिलं आहे, त्यांनाही संगणकाशेजारी उभ्या असलेल्या मॅडमचं मोल सांगायला नको.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेचे शिकवणीवाले आले आहेत. मार्च २०२३ मध्ये खान अकॅडमीनं ‘खानमिगो’ आणला. तो थेट उत्तर न देता उलट प्रश्न विचारून मुलाला पुढं नेतो. लाजऱ्या मुलाला रात्री अकराला वर्गातल्या मुलांना न कळता प्रश्न विचारता येतो, हा त्याचा खरा गुण. त्यातलं संभाषण शिक्षकांना वाचता येण्याची सोयही आहे. ती वापरली नाही तर मात्र मुलाच्या शंका यंत्रापाशीच जिरतील, आणि पुढच्या वर्षी तोच धडा त्याच चुकीच्या तऱ्हेनं शिकवला जाईल.

शाळा, क्लास किंवा कचेरीसाठी असं काही विकत घ्यायची वेळ तुमच्यावर आली, तर विक्रेत्याला त्याच्या लॅपटॉपवरून प्रात्यक्षिक दाखवू देऊ नका. साधासा मोबाइल घ्या, वाय-फाय बंद करा, विद्यार्थी म्हणून आत शिरा आणि एक प्रश्न विचारा. तो शिकवणाऱ्याच्या पडद्यावर कुठं दिसतो, किती वेळानं दिसतो आणि उत्तर द्यायला तिथं कोण बसणार आहे, एवढं पाहून मगच चेकवर सही करा.