रूळ ओलांडणारा माणूस आणि आभासी गाडी

करमाळा तालुक्यातले जेऊर हे पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे स्थानक. या मार्गाचे अलीकडे दुहेरीकरण आणि विद्युतीकरण झाले. गाड्या वाढल्या, वेग वाढला आणि लांबून ऐकू येणारी डिझेल इंजिनाची घरघर कमी झाली. एका रुळावरून गाडी गेली की वाट मोकळी, हा जुना हिशेबही आता चुकीचा ठरतो. तिच्याआडून दुसऱ्या रुळावर दुसरी गाडी येत असू शकते.

तरीही अशा मार्गांवर माणसे पायीच रूळ ओलांडतात. विचारले तर उत्तर ठरलेले असते: "आम्ही बघूनच जातो की!" हे उत्तर खोटे नाही. माणूस खरोखरच बघतो. प्रश्न आहे तो त्याला काय दिसते, हा.

साधे गणित करून पाहू. ताशी 110 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे 30 मीटर येते. ती 300 मीटरवर दिसली तर हाताशी उरतात जेमतेम 10 सेकंद. दोन मार्ग मिळून ओलांडायचे अंतर साधारण 10 मीटर धरले, तर डोक्यावर ओझे असलेल्या माणसाला आठ-नऊ सेकंद लागतात. पाय अडखळला, चप्पल अडकली, की हिशेब संपला. पण रुळाशी उभा असलेला माणूस हे गणित करत नाही; तो नजरेने अंदाज घेतो.

हा अंदाजच फसवा असतो, असे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हर्शेल लाइबोविट्झ यांनी 1985 मध्ये मांडले. मोठी वस्तू लहान वस्तूच्याच वेगाने येत असली तरी संथ भासते. विमानतळावर उतरणारे अवाढव्य विमान जणू तरंगत येते, ते याचमुळे. म्हणणे पटण्यासारखे होते, पण तपासायचे कसे? माणसांना खऱ्या गाडीसमोर उभे करून "आता ओलांडा" असे कोणी सांगू शकत नाही. न्यूझीलंडमधील वायकाटो विद्यापीठाच्या संशोधकांनी संगणकावर तयार केलेली रेल्वेगाडी आणि मोटार लोकांना पडद्यावर दाखवली. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, वेग सारखा असूनही लोकांनी गाडीचा वेग कमी लेखला.

आभासी वास्तवाचा, म्हणजे व्हर्च्युअल रिअॅलिटीचा, उपयोग नेमका इथे सुरू होतो. 1968 मध्ये आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर बसवायचा पडदा तयार केला. तो घालून मान वळवली की समोरचे चित्रही त्याप्रमाणे बदले. आजचे हेडसेट हलके आणि स्वस्त झाले, पण मूळ युक्ती तीच आहे. पडद्यावर आपण दृश्य बघतो. हेडसेटमध्ये आपण दृश्यात उभे असतो. म्हणून संशोधकाला माणसाचे मत विचारावे लागत नाही. त्याने मान किती वेळा वळवली, किती सेकंद थांबला, कोणत्या क्षणी पाऊल टाकले, हे सारे मोजता येते. लहान मुलांना रस्ता ओलांडायला शिकवण्यासाठी ही पद्धत परदेशात वापरली गेली आहे.

पण खोट्या जगात माणूस खरा वागतो का? लंडनमध्ये मेल स्लेटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. साठच्या दशकात स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी आज्ञापालनावर केलेला प्रयोग वादग्रस्त ठरला होता. समोरच्याला विजेचे धक्के द्या, असे त्यात सहभागींना सांगितले जाई. स्लेटर यांनी धक्के 'खाणारी' स्त्री आभासी ठेवली. ती खरी नाही, हे 34 सहभागींपैकी प्रत्येकाला ठाऊक होते. तरीही जे 23 जण तिला पाहू-ऐकू शकत होते, त्यांच्यापैकी सहा जणांनी धक्के देणे मध्येच थांबवले. उरलेल्या 11 जणांशी ती फक्त लिखित मजकुरातून बोलत होती. त्यांनी सगळे धक्के दिले. बुद्धीला खोटे ठाऊक असले तरी डोळ्यांसमोर घडणारे शरीर खरे मानते, असा याचा अर्थ.

मर्यादाही आहेत. प्रयोगशाळेतला माणूस सावध असतो, आणि तिथे मरणार नाही हे त्याला माहीत असते. रोज त्याच जागी रूळ ओलांडून अंगवळणी पडलेली बेफिकिरी अर्ध्या तासाच्या प्रयोगात उतरत नाही. गाडी चुकण्याची घाई, दूध घालायची वेळ, सोबतचे चौघे निघाले म्हणून आपणही निघणे, हे तर त्याहून अवघड. म्हणून हेडसेटमध्ये जे दिसले, ते शेवटी रुळावरच तपासून घ्यावे लागते.

तसे तपासणे आपल्याकडे घडले आहे. मुंबईत वडाळ्याजवळ 2010 च्या सुमारास फायनलमाइल या संस्थेने रेल्वेसोबत तीन साधे उपाय केले. काही स्लीपर पिवळे रंगवले, म्हणजे गाडी ते एकामागून एक झाकत येताना तिचा वेग नजरेला जाणवतो. एका लांब शिट्टीऐवजी दोन तुटक शिट्ट्या ठरवल्या, कारण मधल्या शांततेने कान टवकारतात. आणि नुसत्या सूचनाफलकाऐवजी गाडीखाली सापडू घातलेल्या माणसाच्या भेदरलेल्या चेहऱ्याचे छायाचित्र लावले. तिथले मृत्यू घटल्याची नोंद झाली. एका ठिकाणचे यश म्हणजे सर्वत्र लागू होणारा नियम नव्हे. पण दिशा कळते.

रेल्वे कायदा, 1989 च्या कलम 147 नुसार रुळावर विनापरवाना जाणे हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा असे धरून चालतो की माणूस जाणूनबुजून धोका पत्करतो. हे संशोधन सांगते की पुष्कळदा त्याला धोका दिसतच नाही. ज्याला दिसत नाही त्याला दंडाची भीती घालून काय साधणार? त्याला दिसेल असे करायला हवे.

त्यासाठी जेऊरसारख्या गावात प्रत्येकाच्या डोक्यावर हेडसेट चढवायची गरज नाही. पिवळ्या रंगाचे काही डबे आणि योग्य जागी वाजलेली शिट्टी एवढ्यानेही सुरुवात होईल. आणि तोवर, "बघूनच जातो" म्हणणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे: दिसते त्याहून गाडी जवळ असते.