एक लाख एकतीस हजारांचा बायचुंग

भारतात फुटबॉल बघतं कोण, असं कुणी विचारलं की मी १३ जुलै १९९७ ही तारीख सांगतो. कोलकात्याचं साल्ट लेक स्टेडियम, फेडरेशन कपचा उपांत्य सामना, मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल. प्रेक्षक १,३१,७८१! आणि त्या दुपारचा नायक सिक्कीमच्या तिंकिताम गावच्या शेतकरी घरातला विशीतला पोरगा, बायचुंग भुतिया.

बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांच्या ‘डायमंड’ रचनेचा तेव्हा बंगालभर गाजावाजा होता. मागे तिघे, पुढे तिघे आणि मधले चौघे शंकरपाळ्याच्या चार टोकांवर. याच रचनेनं बागाननं गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सवर सहा गोल चढवले होते. दत्तांची जीभही तिखट. ईस्ट बंगालच्या बायचुंगला ते ‘चुमचुम’ म्हणाले, त्याच संघातल्या केनियाच्या ओमोलोला ‘ऑम्लेट’. समोर ईस्ट बंगालच्या बाकावर पी. के. बॅनर्जी. त्यांनी ही वाक्यं खेळाडूंच्या मनात बरोबर पेटती ठेवली.

या रचनेत सगळा संघ पुढे झेपावतो आणि मागच्या तिघांच्या पाठीशी मोकळं मैदान उरतं. अशी मोकळी जागा बायचुंगला आधी दिसायची. माझ्या मते तीच त्याची खरी देणगी. उंची बेताची, पण बचावपटूच्या खांद्याआडून तो कधी सटकला ते कळायचं नाही. पहिला गोल नाझीमुल हकचा, मग बायचुंगचा. चिमा ओकोरीनं बागानचा एक फेडला, तोच शेवटच्या काही मिनिटांत बायचुंगचे आणखी दोन. ४-१. या सामन्याचं चित्रण मिळेल तिथे मी बघत आलोय, आणि तिसऱ्या गोलला अजून अंगावर काटा येतो. कोलकात्याला गेलो तेव्हा ते स्टेडियम मुद्दाम पाहून आलो. २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी तिथे स्वतंत्र खुर्च्या बसवल्या, क्षमता खूप घटली. तेवढी गर्दी आता तिथे मावणारच नाही. आणि हो, त्या वर्षीचा कप ईस्ट बंगालला मिळालाच नाही. अंतिम सामन्यात गोव्याच्या साळगावकर संघानं त्यांना २-१ हरवलं, हे गोवेकर वाचकांसाठी आवर्जून.

बाकीची कारकीर्द थोडक्यात. गंगटोकच्या ताशी नामग्याल अकादमीत शिक्षण, १९९२च्या सुब्रतो कपमध्ये सर्वोत्तम खेळाडू, १९९३ला ईस्ट बंगाल, जेसीटीकडून पहिल्या राष्ट्रीय लीगचं विजेतेपद, १९९९ला इंग्लंडचा बरी क्लब, २००३ला जकार्तात ईस्ट बंगालसाठी आसियान क्लब स्पर्धा, २०११ला कतारमध्ये आशियाई चषक. जानेवारी २०१२मध्ये दिल्लीत बायर्न म्युनिकविरुद्ध निरोपाचा सामना.

सार्वजनिक जीवनात तो २०१४ला आला असं म्हणतात. मला ते पटत नाही. २००६ला खेळाडूंची संघटना उभी करण्यात तो पुढे होता. २००८ला तिबेटी लोकांसाठी त्यानं बीजिंग ऑलिंपिकची मशाल हाती धरायला नकार दिला, तोही भारतीय संघाचा कर्णधार असताना. पुढच्या सगळ्या निवडणुकांपेक्षा मला हे मोठं वाटतं.

निवडणुका तो हरतच गेला. २०१४ला तृणमूलकडून दार्जिलिंग, २०१६ला सिलिगुडी. २०१८ला स्वतःचा ‘हमरो सिक्कीम पक्ष’, २०१९ला पुन्हा पराभव. पुढे पक्ष सिक्कीम डेमोक्रॅटिक फ्रंटमध्ये विलीन केला, २०२४ला बारफुंगमध्ये हरला आणि निवडणुकीचं राजकारण सोडलं. त्याच्या नावाचं स्टेडियम नामचीत उभं आहे, पण त्याच सिक्कीमनं त्याला एकदाही निवडून दिलं नाही.

यातल्या कशाहीपेक्षा मला २०२२ची फुटबॉल महासंघाची निवडणूक लागली. महासंघावर नेमलेल्या प्रशासक समितीनं तयार केलेल्या घटनेत ३६ नामवंत खेळाडूंना मताधिकार होता. फिफानं भारताला निलंबित केल्यावर हा मताधिकार गेला आणि मतं उरली फक्त राज्य संघटनांची. अध्यक्षपदासाठी समोर माजी गोलरक्षक कल्याण चौबे. बायचुंगचं नाव आंध्र प्रदेशानं सुचवलं, राजस्थाननं अनुमोदन दिलं. सिक्कीम कुठेच नव्हतं. चौबे ३३, बायचुंग १. ते ३६ खेळाडू मतदार असते तर निकाल कदाचित तोच लागला असता, पण हा एकचा आकडा दिसला नसता, एवढं मी छातीठोकपणे सांगतो.