पाठीमागील धडक आणि दुखापतीच्या भरपाईचा दावा

पुढे चाललेल्या किंवा उभ्या असलेल्या वाहनावर मागून येणारे वाहन आदळून कोणी जखमी झाल्यास, त्या व्यक्तीचा नुकसानभरपाईचा दावा भारतात मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १६६ खाली हा अर्ज करता येतो. १९३९ च्या जुन्या अधिनियमात १९५६ साली दुरुस्ती होऊन न्यायाधिकरणांची तरतूद झाली. तोपर्यंत जखमींना दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागे. ‘मागून ठोकणारा तो दोषी’ हा सर्वत्र रूढ असलेला समज कायद्याच्या दृष्टीने केवळ प्राथमिक अनुमान आहे. खरा वाद दोषाची वाटणी आणि दुखापतीमुळे बुडालेली कमाई या दोन प्रश्नांवर होतो.

पिंपरी-चिंचवड व चाकण पट्टा

पुणे-नाशिक महामार्ग आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता चाकण येथे एकमेकांना छेदतात. बजाज ऑटो, महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे लघुउद्योग यांमुळे कंटेनर, कंपन्यांच्या कामगार-बस आणि पाळीला निघालेले दुचाकीस्वार एकाच रस्त्यावर असतात. वेग आणि वजन यांतील ही तफावत पाठीमागील धडकेला पोषक ठरते. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय सुरू झाल्यापासून चाकण परिसरातील अपघातांचा तपास त्याच्या अखत्यारीत येतो.

दावा मात्र अपघाताच्या ठिकाणीच दाखल केला पाहिजे असे नाही. अर्जदार जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो, अथवा जाबदार जेथे राहतो, तेथील न्यायाधिकरणही चालते. दुखापतीनंतर मराठवाड्यातील, विदर्भातील वा परराज्यातील गावी परतलेल्या कामगारासाठी ही तरतूद मोलाची आहे.

दोषाची वाटणी

पुढील वाहन अचानक थांबले तरी धडक टळेल एवढे अंतर राखणे, हे मागील चालकाचे कर्तव्य १९८९ च्या रस्ता विनियमांतील विनियम २३ मध्ये नमूद होते. २०१७ च्या वाहनचालन विनियमांतही ते कायम आहे. २०१८ साली एका प्रकरणात ट्रकच्या मागे अवघ्या १० ते १५ फुटांवर असलेली मोटार त्यावर आदळली होती. सर्वोच्च न्यायालयाने याच विनियमाचा आधार घेऊन मोटारचालकालाच निष्काळजी ठरवले.

त्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रकरणात निर्णय उलट झाला. रात्री रस्त्यात दिवे वा इशारा न देता उभ्या केलेल्या टँकरवर मोटार आदळली होती. उच्च न्यायालयाने मोटारचालकावर टाकलेला निम्मा दोष सर्वोच्च न्यायालयाने काढून टाकला. महामार्गाच्या कडेला कंटेनर उभे राहतात अशा कोणत्याही औद्योगिक पट्ट्यात हा निर्णय लागू पडण्याजोगा आहे. २०२५ मध्ये कोइमतूर येथील एका अभियांत्रिकी विद्यार्थ्याच्या प्रकरणात महामार्गावर इशारा न देता मोटार थांबवणाऱ्या चालकावर ५० टक्के, बसचालकावर ३० टक्के आणि मागून आदळलेल्या दुचाकीस्वार विद्यार्थ्यावर २० टक्के दोष ठेवण्यात आला. बसखाली सापडून त्याचा पाय गेला होता.

दुचाकीवर तिघे बसले होते, एवढ्यावरून भरपाई कापता येत नाही, असे न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले. त्या दुचाकीला मोटारीने मागून धडक दिली होती. तिघे बसल्यामुळे अपघात घडला किंवा दुखापत वाढली, हे सिद्ध व्हावे लागते. चालकाचा दोष त्याच वाहनातील प्रवाशांच्या माथी मारता येत नाही, हे तत्त्वही २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट करण्यात आले.

भरपाईची मोजणी

उपचारखर्च, उपचारकाळात बुडालेली मजुरी, वेदना आणि भावी कमाईतील घट हे भरपाईचे मुख्य घटक होत. शेवटचा घटक बहुधा सर्वांत मोठा असतो. ‘राज कुमार विरुद्ध अजय कुमार’ निर्णयाने शारीरिक अपंगत्व आणि कमाईची हानी यांत भेद केला. डावा हात गमावलेल्या चालकाची किंवा सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण बुडू शकते. सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. वयानुसार लावायचा गुणक ‘सरला वर्मा’ (२००९) निर्णयाने ठरवून दिला.

उदाहरणार्थ, यंत्रचालक म्हणून दरमहा १८,००० रुपये मिळवणारा २८ वर्षांचा कंत्राटी कामगार घेऊ. वार्षिक कमाई २,१६,००० रुपये. भावी वाढीचे ४० टक्के धरून ३,०२,४०० रुपये. कमाईची हानी ३० टक्के मानल्यास, १७ या गुणकाने १५,४२,२४० रुपये होतात. तीच हानी १० टक्के मानली तर ५,१४,०८० रुपये. डॉक्टरांच्या साक्षीला आणि वेतनाच्या पुराव्याला महत्त्व येते ते यामुळे. वेतनचिठ्ठी नसल्यास बँकेतील नोंदी, भविष्यनिर्वाह निधीचे विवरण किंवा शासनाचे किमान वेतनदर आधार ठरतात.

पाठीमागील धडकेत मानेला बसणारा हिसका ही नेहमीची दुखापत. ती क्ष-किरण चित्रात बहुधा दिसत नाही, म्हणून विमा कंपनी तिच्यावर आक्षेप घेते. उपचारांच्या पहिल्या दिवसापासूनची कागदपत्रे येथे निर्णायक ठरतात.

प्रक्रिया

१ एप्रिल २०२२ पासून पोलिसांनी ४८ तासांत प्रथम अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणास द्यावयाचा आहे. त्याच दिनांकापासून अर्जासाठी सहा महिन्यांची मुदत लागू झाली. तिच्या वैधतेला आव्हान देण्यात आले असून, केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला.

पुरावा शक्यतेच्या पारड्यावर तोलला जातो. त्यामुळे फौजदारी खटल्यात चालक निर्दोष सुटला तरी भरपाई मिळू शकते. धडक देणाऱ्या वाहनाचा केवळ सक्तीचा विमा असेल, तर पुढील वाहनातील जखमींना त्याचे संरक्षण मिळते. खुद्द धडक देणाऱ्या खासगी मोटारीतील प्रवाशांना ते मिळत नाही. त्यासाठी सर्वसमावेशक विमा लागतो. वाहनाचा शोध न लागल्यास गंभीर जखमीला शासकीय योजनेतून ५०,००० रुपये मिळतात. कामावर असताना जखमी झालेल्याला कामगार भरपाईचा कायदा की मोटार वाहन अधिनियम, यांतून एकाची निवड करावी लागते.

निवाड्यानंतर विमा कंपनीने ३० दिवसांत रक्कम भरावयाची असते. त्याविरुद्ध ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते, परंतु वादातील रक्कम एक लाख रुपयांहून कमी असल्यास अपिलाची सोय नाही.