धांड्यांविना भुलाबाई

यंदाच्या कोजागिरीला अमरावतीत एका सभागृहात भुलाबाईची स्पर्धा पाहिली. गाणी स्पीकरवर, खिरापत दुकानातल्या पाकिटांत, आणि भुलाबाई-भुलोजीच्या मूर्तींमागे ज्वारीच्या धांड्यांऐवजी थर्माकोलची कमान. ती कमान मनाला फार लागली.

वऱ्हाडात भुलाबाई भाद्रपद पौर्णिमेला बसते, कोजागिरीला तिचा निरोप होतो. हा महिना मी खऱ्या अर्थानं जगले तो ऐंशीच्या दशकात, दर्यापूरकडे. पूर्णेच्या त्या खारपाणपट्ट्यात कापसाच्या जोडीला ज्वारी असायचीच. दिवे लागले की आम्ही पोरी घरोघरी जायचो. टिपऱ्या, सासर-माहेरची गाणी, आणि मग खिरापत ओळखणं. झाकलेला डबा कानाशी धरून हलवायचा. खुळखुळला तर फुटाणे, नुसता धपधपला तर शिरा. जिची खिरापत कोणालाच ओळखू येत नसे, त्या बाईचा गावात मान. कोजागिरीला कणसांसकट पाच धांड्यांचा मखर उभा राही. धांडे विकत कोण आणतं? वावरातून कापून आणायचे.

पुढं ज्वारीच्या जागी सोयाबीन पसरलं. ते नेमकं आश्विनातच सोंगणीला येतं. दिवसभर वाकून सोंगणाऱ्या मायला संध्याकाळी खिरापत करायचं त्राण कुठून उरणार? ज्वारीला भाव नाही, पाखरं आणि रानडुकरं पीक हातचं नेतात, रेशनवर गहू मिळतो; शेतकऱ्याला मी दोष देत नाही. माझा राग आहे तो पंगतीत भाकर दिसली की नाक मुरडणाऱ्यांवर. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्यांचं वर्ष ठरवलं, तेव्हा हेच लोक ज्वारीचे गुण सांगू लागले. पूर्वी ज्यांच्या घरी कणग्या भरलेल्या असत, त्यांच्याकडेही तोवर महालक्ष्म्यांच्या आंबिलीपुरती ज्वारी किराणा दुकानातून येऊ लागली होती.

भुलाबाई मंचावर चढवून जगणार नाही. तिचं गाणं शिवारातल्या पिकाशी आणि बायकांच्या फुरसतीशी बांधलेलं आहे. स्पर्धा भरवणाऱ्यांनी बक्षिसाच्या रकमेतून चार शेतकऱ्यांना धुऱ्याकडेला ज्वारीचे दोन-दोन तास पेरायला सांगावं, कणसं-धांडे रास्त भावानं घ्यावेत, आणि खिरापत घरून झाकून आणायची अट घालावी. पाकिटावर नाव छापलेलं असलं की पोरींनी ओळखायचं काय?